मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि डोळ्यात राहिलेला कण

गळीत हंगाम संपला, पट्टा पडला, उसाची बिले खात्यावर आली, की आपल्या भागात दोन गोष्टींना जोर चढतो. एक लग्नसराई आणि दुसरी मोतीबिंदूची ऑपरेशने. पूर्वी म्हातारी माणसे थंडीचे दिवस असल्याशिवाय डोळ्याला हात लावू द्यायची नाहीत. आता बाराही महिने ऑपरेशन होते, बहुधा टाका पडत नाही, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि आठवड्याभरात माणूस चावडीवर पेपर वाचायला हजर. ही प्रगती लहान नाही.

आम्ही ऊस विकास खात्याची माणसे. लागणीच्या नोंदी, माती परीक्षण, बेणे, खोडवा हा आमचा विषय. पण बांधावर बसले की सभासद फक्त उसाचे बोलत नाहीत. गेल्या दोन हंगामांत आमच्या कानावर तीन-चार ठिकाणी एकच प्रश्न आला : “साहेब, मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणतात, हत्याराचा बारीक कण आत राहिलाय. आता डोळा जाणार का?” यावर ‘नाही हो, काही होत नाही’ असे सांगून गाडीला किक मारणे सोपे होते. ते बरे वाटले नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे दोन-तीन बैठका मारून, काही वाचून, समजले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत. औषध सांगणे हे आमचे काम नव्हे, ते डॉक्टरांचेच.

प्रथम ऑपरेशन कसे होते ते पाहू. डोळ्यात रंगीत पडद्याच्या मागे एक भिंग असते. ते गढूळ झाले म्हणजे मोतीबिंदू. हे गढूळ भिंग काढायचे आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचे. आपल्याकडे याच्या दोन रीती जास्त चालतात. एकीत सहा-सात मिलिमीटरची चीर घेऊन भिंगाचा गाभा अखंडच बाहेर काढतात. शिबिरांतून बहुतेक हीच रीत असते. दुसरीला ‘फेको’ म्हणतात. तिच्यात चीर अडीच-तीन मिलिमीटरचीच असते. तेवढ्या फटीतून एक पोकळ सुई आत जाते, तिचे टोक सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरते, गाभ्याचा चुरा करते आणि तो चुरा ओढून घेते. पुष्कळ मंडळी याला ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, पण हे लेझर नव्हे, ध्वनीच्या कंपाचे काम आहे. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ते प्रथम माणसाच्या डोळ्यावर केले. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना दात साफ करण्याचे थरथरणारे हत्यार पाहून त्यांना ही युक्ती सुचली. दवाखान्याच्या खुर्चीत बसून आपल्याला बिलाशिवाय काही सुचत नाही, हा भाग वेगळा.

आता कण येतो कोठून? फेकोच्या सुईचे टोक टायटॅनियम धातूचे असते. सर्जनच्या दुसऱ्या हातात गाभा फोडण्यासाठी बारीक आकडीसारखे हत्यार असते, ते बहुधा पोलादाचे. काम चालते ते जेमतेम तीन मिलिमीटर खोलीच्या जागेत, ज्या जागेत एरवी पाणी मावते पाव मिलिलिटर, म्हणजे चार-पाच थेंब. इतक्या दाटीत सुई आणि आकडी एकमेकांना घासली, तर थरथरत्या टोकामुळे धातूचे सूक्ष्म कण झडतात. ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. लोखंड लोखंडाला घासले की झीज ही आलीच. गव्हाणीत मोळीबरोबर कोयता किंवा ट्रॉलीची पिन गेली तर पुढे काय होते हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तर कारखान्यात चुंबके बसवलेली असतात, आणि साखरही पोत्यात भरण्यापूर्वी चुंबकावरून जाते. डोळ्याच्या आत असले चुंबक बसवता येत नाही. तिथे पाण्याच्या धारेने धुऊन काढणे आणि सूक्ष्मदर्शकातून शेवटी एकदा नीट पाहणे एवढाच उपाय.

टोक जुने झाले, त्याची कडा खरबरीत झाली, की कण झडण्याचा संभव वाढतो. आपल्या देशात खर्च वाचावा म्हणून तेच टोक अनेकदा वापरण्याची चाल आहे. आम्ही याला एकदम वाईट म्हणणार नाही. प्रत्येक वेळी नवे टोक वापरले तर ऑपरेशनचा खर्च वाढेल आणि गरीब माणूस पुन्हा आंधळाच राहील. कोयतासुद्धा आपण एका हंगामात टाकून देत नाही. पण त्याला धार आहे का, दांडा हलतो का, हे रोज सकाळी पाहतोच ना? तसे टोकाकडे प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे कोणी आहे की नाही, हा खरा मुद्दा.

बरे, कण राहिला म्हणजे डोळा गेला का? तसे मुळीच नाही. डोळ्यात काय गेले यापेक्षा ते कशाचे आहे याला महत्त्व आहे. याची एक नवलाची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांच्या छताच्या काचा ॲक्रिलिकच्या होत्या. गोळीबारात त्या फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. लंडनचे नेत्रतज्ज्ञ डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आले, की हे तुकडे डोळ्यात तसेच पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही. मग याच पदार्थाचे भिंग का करू नये? त्यांनी १९४९ साली सेंट थॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. म्हणजे आज आपल्या लाखो आयाबापांच्या डोळ्यांत जे भिंग आहे, त्याचा शोधच मुळी डोळ्यात राहिलेल्या कचऱ्यातून लागला.

टायटॅनियमचा कणही असाच सोशीक असतो. तो रंगीत पडद्यावर एखाद्या चमकीसारखा चिकटून बसतो, डॉक्टरांना यंत्रातून चमकताना दिसतो, पण रोग्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. असा कण स्वस्थ बसला असेल तर त्याच्या मागे लागून पुन्हा डोळा उघडण्यापेक्षा लक्ष ठेवणे बरे, असेच डॉक्टर सांगतात. कण सुटा असेल, पाण्याबरोबर हिंडत असेल, पुढच्या पारदर्शक पडद्याला आतून घासत असेल किंवा डोळा वरचेवर लाल होत असेल, तर मात्र तो चिमट्याने किंवा पाण्याच्या धारेने काढावा लागतो. सुटा कण जड असला तर खाली जाऊन कोपऱ्यात बसतो. समोरून पाहिले तर दिसत नाही. त्यासाठी आरसा असलेले खास भिंग डोळ्यावर ठेवून तपासतात.

आमच्या एका सभासदाची गंमत सांगतो. कण राहिला हे कळल्यावर गडी इतका घाबरला, की पोरांना बोलावून जमिनीच्या वाटण्यांची भाषा करू लागला. कुणी कोर्टात जायचा सल्ला दिला, कुणी अंगारा आणून दिला. डॉक्टरांनी तीन वेळा तपासून ‘कण जागेवर आहे, डोळा शांत आहे, सहा महिन्यांनी या’ म्हणून सांगितले. आज तो त्याच डोळ्याने काट्यावरच्या पावतीचे आकडे आमच्याआधी वाचतो आणि किलोचा फरक काढून भांडतो.

लोखंडाची गोष्ट वेगळी. लोखंड डोळ्याच्या आत राहिले की हळूहळू गंजते, तो गंज आतल्या पडद्यात मुरतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, नजर जाते. पण असा लोखंडी तुकडा ऑपरेशनपेक्षा आपल्याच हातून जास्त वेळा जातो. ट्रॉलीची पिन घणाने ठोकताना, नांगराचा फाळ ठोकताना, कोयत्याला चक्रावर धार लावताना ठिणगीसारखे काहीतरी डोळ्यात जाते. क्षणभर टोचते, दोन दिवस पाणी येते, मग बरे वाटते. वर्ष-दोन वर्षांनी त्याच एका डोळ्यात मोतीबिंदू होतो, तेव्हा कुणाला ते आठवत नाही. तपासणीच्या वेळी ‘कधी डोळ्याला मार लागला होता का’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणायची घाई करू नका. पाच मिनिटे बसून आठवा. घरच्या बाईमाणसाला विचारा, तिला नक्की आठवेल.

धातूशिवाय दुसऱ्या वस्तूही आत राहू शकतात. कापसाचा तंतू, ड्रेपच्या कापडाचा धागा, हातमोज्याची पावडर. त्यांनीही डोळा चिडतो. शिवाय मोतीबिंदूच्या गाभ्याचाच एखादा तुकडा मागे राहिला, तर सूज बरेच दिवस हटत नाही. तो हत्याराचा कण नव्हे. पण रोग्याला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून नेमके काय राहिले आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता जरा निराळ्या कचऱ्याविषयी लिहितो, कारण आमच्या मते सभासदांनी लक्ष द्यावे असे खरे ते हेच आहे. हा कचरा डोळ्याला दिसत नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्याचा आकार टिकावा म्हणून जेलीसारखे चिकट औषध आत भरतात, आणि सुईसारख्या बारीक पोकळ नळ्यांनी ते व भिंगाचा मऊ गर ओढून काढतात. ऑपरेशन संपल्यावर या नळ्या ताबडतोब पाण्याने आरपार धुतल्या नाहीत, तर ती जेली आत सुकून बसते. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी लॅटरलचे शेवटचे टोक सोडून फ्लश न केल्यास काय होते ते आठवावे. किंवा फवारणीच्या पंपाचा नोझल तणनाशक मारून तसाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने कोवळ्या भाजीवर औषध मारले, तर काय होते? औषध चांगले, पंप चांगला, पण नोझलात राहिलेल्या थेंबाने पीक करपते. डोळ्याचेही तसेच. आदल्या रोग्याच्या ऑपरेशनचा सुकलेला अंश पुढच्या रोग्याच्या डोळ्यात सुटतो.

यावर कुणी म्हणेल, हत्यारे तर उकळतात, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर घालतात. घालतात, आणि घातलीच पाहिजेत. परंतु वाफेने जंतू मरतात, मळ निघत नाही. खरकटे भांडे कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या केल्या, तर जंतू मरतील. पण भांडे घासले असे कोणी म्हणेल काय? इतकेच नव्हे, तर काही मेलेल्या जंतूंच्या अंगातले विष त्या उष्णतेलाही दाद देत नाही आणि नळीत शिल्लक राहते. शिवाय हत्यारे धुण्याचे साबणी द्रावण नीट खंगाळून काढले नाही, तर तेही विषच. अशा अंशांनी डोळ्याच्या पुढच्या भागाला जी एकाएकी सूज येते, तिला १९९२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी स्वतंत्र नाव दिले. त्याची आद्याक्षरे जोडून तिला ‘टास’ म्हणतात. २००६ साली अमेरिका आणि कॅनडात असे रोगी ठिकठिकाणी निघू लागले, तेव्हा तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने खास पथक नेमून दवाखान्यांची हत्यारे धुण्याची पद्धत तपासली. नळ्यांत पुरेसे पाणी न सोडणे, साबण शिल्लक राहणे, असल्या साध्या गोष्टी वारंवार निघाल्या. श्रीमंत देशांतही दुखणे मोरीपाशीच सापडले.

जंतूंची बाधा हा याहून भयंकर प्रकार. २०१४ च्या अखेरीस पंजाबातील घुमान येथे मोतीबिंदूचे शिबिर झाले आणि त्यात अनेकांची दृष्टी गेली. घुमान म्हणजे आपल्या नामदेव महाराजांचे गाव. पुढच्याच वर्षी तिथे मराठी साहित्य संमेलन भरले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एकाच दिवशी मोठ्या संख्येने ऑपरेशने झाली आणि नंतर कित्येकांचे डोळे काढावे लागले. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अफाट संख्येने ऑपरेशने होतात. तिथल्या डॉक्टरांनी ६ लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध केल्या. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आतच जंतुनाशक औषध सोडण्याचा नियम केल्यापासून बाधेचे प्रमाण दर १० हजारांत सुमारे ७ वरून २ पर्यंत उतरले. तेव्हा संख्या जास्त म्हणजे काम वाईट असे नाही. मात्र संख्येचीच चढाओढ लागली की धुण्याला वेळ उरत नाही. गाळपाचा आकडा वाढला म्हणून उतारा वाढत नसतो. आमच्या गटांत शिबिर भरवणाऱ्या मंडळींनी फलकावर ‘एका दिवसात शंभर’ असे लिहिण्यापूर्वी, शंभरांसाठी हत्यारांचे संच किती आणि ते धुणारी माणसे किती, हे डॉक्टरांना विचारावे. तपासणी गावात आणि ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरातच, ही रीत आम्हाला पसंत आहे. शाळेच्या खोलीत टेबल मांडून ऑपरेशन करण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरे झाले.

रोग्याने विचारायला संकोच करू नये. हत्यारे धुण्याला शेवटी कोणते पाणी वापरता, प्रत्येक ऑपरेशनला वेगळा संच असतो का, एवढे दोन प्रश्न सरळ भाषेत विचारता येतात. चांगला डॉक्टर रागावत नाही; उलट दोन गोष्टी जास्त सांगतो. आपण बेण्याच्या ऊसमळ्यावर जाऊन डोळा फुगलाय का, काणी आहे का, हे दहा वेळा पाहतो. इथे तर आपलाच डोळा आहे.

आता वेळेचे सांगतो. टासची सूज बहुधा ऑपरेशनपासून १२ ते ४८ तासांत दिसते. नजर एकदम धूसर होते, पुढचा पडदा पांढुरका दिसतो, पण दुखते कमी, आणि म्हणूनच माणूस फसतो. जंतूंची बाधा बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसांत डोके वर काढते. डोळा ठणकतो, लालभडक होतो, पापणी सुजते, दिसत होते तेही दिसेनासे होते. रोग्याला यातला फरक ओळखता येत नाही आणि ओळखण्याच्या भानगडीत पडूही नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा. पहिल्या प्रकारात वेळेवर थेंब सुरू केले तर बहुतेक डोळे निवळतात. दुसऱ्यात डोळ्याच्या आत औषधाची सुई द्यावी लागते, आणि तिथे तासातासाला किंमत आहे.

आमच्या गटातील एका आक्कांना ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागले. नेमकी त्याच दिवशी तोडीची टोळी फडात आली होती. पोरगा फडात, सून जेवणे करण्यात. “कशाला गडबड, ऊस जाऊ दे, मग बघू,” असे म्हणून आक्का गप्प बसल्या. ऊस चौथ्या दिवशी तुटून गेला. त्यानंतर त्यांना दवाखान्यात नेले. डोळा शाबूत राहिला, पण त्यात नुसता उजेड-अंधार कळतो. ऊस चार दिवस उशिरा तुटला असता तर टनामागे काय घट आली असती याचा हिशेब आम्ही तोंडपाठ सांगू शकतो. आक्कांच्या घरी तो हिशेब मांडायची आमची छाती झाली नाही. सभासदांना एक सांगणे आहे : घरात डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल आणि तोडीची पाळी आली असेल, तर आमच्या चिटबॉयला किंवा गट कार्यालयात तसे सांगा. एक-दोन दिवस पाळी मागेपुढे करणे आमच्या हातात असते.

थेंबांविषयी थोडे. दिलेले थेंब महिना-दीड महिना कमी कमी करीत घालायचे असतात. आठव्या दिवशी बरे वाटले म्हणून बंद केले की दबलेली सूज पुन्हा उठते. उलट तेच थेंब चांगले म्हणून दुकानातून आणून सहा महिने घालीत बसले, तर डोळ्याचा दाब वाढून दुसरेच संकट. पाचट जाळण्याचा धूर, मळणीची धूळ आणि उसाच्या पात्याची धार यांपासून साधारण महिनाभर दूर राहावे. नेमके किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

शेवटी कार्डाचे. दवाखान्यातून घरी सोडताना जे कार्ड देतात, ते पिशवीत चुरगळून टाकू नका. सातबारा, शेअर सर्टिफिकेट आणि ऊसनोंदीची पावती ज्या डब्यात ठेवता त्याच डब्यात ठेवा. पुढे कधी कंबरेचा किंवा मेंदूचा एमआरआय काढायची वेळ आली, तर तिथे जबर ताकदीचे चुंबक असते. कृत्रिम भिंगाला किंवा टायटॅनियमच्या कणाला त्याची भीती नाही, पण लोखंडी कणाला ते हलवू शकते. तेव्हा ‘डोळ्यात कण आहे’ हे यंत्रावर झोपण्याआधी सांगायला हवे आणि तो कशाचा आहे हे दाखवायला कागद हवा. कार्डावर डावा की उजवा डोळा, तारीख, भिंगाचा नंबर व स्टिकर, आणि काही कण राहिला असल्यास तसा शेरा असावा. नुसते ‘भिंग बसवले’ एवढेच लिहिले असेल, तर एसटी चुकली तरी चालेल, तिथेच थांबून बाकीचे लिहून घ्या.